दार्जिलिंगचा सॅलमँडर: तळं हवं आणि तळ्याभोवतीचं रानही

दार्जिलिंगच्या डोंगरात चहामळ्यांच्या खोलगट जागी, जंगलाच्या कडेला, कधी अगदी रस्त्याला लागून लहान लहान तळी असतात. उथळ, गवत माजलेली, पाणी बहुधा गढूळ. फोटो काढावा असं तिथे काहीच नसतं, त्यामुळे गाड्या पुढे निघून जातात. पण पावसाळ्याच्या तोंडावर, पहिल्या चांगल्या सरींनंतर अशाच तळ्यांत वीतभर लांबीचे तपकिरी, खडबडीत पाठीचे प्राणी जमायला लागतात. चार आखूड पाय, चपटी शेपूट, रुंद डोकं. नवख्याला ती पाण्यात पडलेली पालच वाटते. तो असतो हिमालयीन सॅलमँडर. भारतात बेडकांच्या चारशेहून अधिक जाती आहेत, सॅलमँडरच्या मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच, आणि त्याही देशाच्या एका कोपऱ्यात.

या प्राण्याचं जगणं समजून घ्यायला तसं अवघड नाही. तरीही त्याला वाचवण्याच्या गोष्टी निघतात तेव्हा नेमकी एक बाब नजरेतून सुटते, आणि चांगल्या हेतूने केलेली कामंही त्याच्या मुळावर येतात. ती बाब स्पष्ट व्हावी म्हणून आधी प्राण्याची नीट ओळख करून घेऊ.

पालीशी नातं नाही

पाल आणि सरडा हे सरपटणारे प्राणी. त्यांच्या अंगावर खवले असतात, बोटांना नख्या असतात, डोळ्यामागे कानाचं छिद्र दिसतं आणि अंड्याला कवच असतं. सॅलमँडरला यातलं काहीच नसतं. तो बेडकांसारखा उभयचर आहे. उभयचरांचे आज तीन गट आहेत. पहिला बेडकांचा, सात हजारांहून अधिक जातींचा. दुसरा शेपटीवाल्यांचा, म्हणजे सॅलमँडरांचा. जगभरात त्यांच्या आठशेहून जास्त जाती आहेत. तिसरा बिनपायांच्या देवगांडुळांचा, दोनशेहून थोड्या अधिक जातींचा. देवगांडुळं आपल्या सह्याद्रीत आहेत. त्यांच्याकडे पुढे परत येऊ, कारण सॅलमँडर महाराष्ट्रात का नाही याचं उत्तर त्यांच्या मदतीने जास्त चांगलं कळतं.

न्यूट हा शब्दही कानावर पडतो. न्यूट म्हणजे सॅलमँडरांच्याच एका कुळातला एक उपगट, विणीच्या काळात पाण्यात मुक्काम करणारा. म्हणजे प्रत्येक न्यूट सॅलमँडर असतो, पण प्रत्येक सॅलमँडर न्यूट नसतो. दार्जिलिंगचा प्राणी शास्त्रीय वर्गीकरणानुसार न्यूट ठरतो, पण बोलताना सगळे त्याला सॅलमँडरच म्हणतात, आणि इथेही तेच ठेवू.

सॅलमँडरची त्वचा उघडी आणि ओलसर असते. त्याला फुप्फुसं आहेत, पण श्वसनाचा मोठा भाग त्वचेतूनच होतो. हवेतला किंवा पाण्यातला प्राणवायू थेट कातडीतून रक्तात उतरतो. त्यासाठी कातडी सतत ओली राहावी लागते, आणि जिच्यातून वायू आत येतो तिच्यातून पाणी बाहेरही जातं. म्हणून कोरडी हवा आणि ऊन त्याच्यासाठी जीवघेणं. पाण्यात विरघळलेलं कीटकनाशकही याच वाटेने आत शिरतं, त्यासाठी ते तोंडात जावं लागत नाही. एखादं तळं वरवर स्वच्छ दिसूनही सॅलमँडरसाठी विषारी असू शकतं, ते यामुळेच.

अंगाने हा प्राणी साधारण पंधरा ते वीस सेंटिमीटर. मादी नरापेक्षा मोठी. डोक्याच्या दोन्ही कडांना हाडाचे उंचवटे, मानेपासून शेपटीपर्यंत पाठीच्या मधोमध गेलेली एक ठसठशीत कड आणि तिच्या दोन्ही बाजूंना गाठींची एकेक रांग. प्रत्येक रांगेत सोळाच्या आसपास गाठी. या गाठी फक्त कातडीच्या नाहीत. प्रत्येकीखाली एका फासळीचं टोक येऊन टेकलेलं असतं आणि तिथेच विषग्रंथी दाटीने असतात. भक्षकाने अंग दाबलं की सगळ्यात आधी त्याच्या तोंडाला लागतात त्या याच गाठी. स्पेन, पोर्तुगाल आणि मोरोक्कोमध्ये याच्या नात्यातला एक न्यूट आहे. तो तर धोका दिसला की स्वतःच्या फासळ्यांची टोकं कातडी भेदून बाहेर काढतो आणि नंतर त्या जखमा भरूनही येतात. दार्जिलिंगचा सॅलमँडर माणसाला चावत नाही, त्याचा काही त्रासही नाही. फक्त त्याला हाताळलेला हात डोळ्यांना लावू नये, आणि खरं तर हाताळूच नये.

जखमा भरण्यावरून आणखी एक गोष्ट. पालीची शेपूट तुटली तर नवी फुटते, पण आत मूळचे मणके येत नाहीत, कूर्चेची नळी येते. सॅलमँडरचा पाय तुटला तर हाड, स्नायू, नसा आणि बोटांसकट पाय पुन्हा उगवतो. जखमेवर आधी कातडीचा पातळ थर चढतो. मग त्याखालच्या पेशी आपलं ठरलेलं काम सोडून मागच्या अवस्थेत जातात, त्यांचा एक कोंब तयार होतो आणि त्या कोंबातून नवा अवयव घडत जातो. चार पायांच्या प्राण्यांत प्रौढ वयात हे इतक्या पूर्णपणे साधणारा दुसरा गट नाही. म्हणूनच जगभरच्या प्रयोगशाळा सॅलमँडरांचा इतक्या बारकाईने अभ्यास करतात.

हिमालयात आहे, सह्याद्रीत का नाही?

सह्याद्रीत पाऊस आहे, जंगल आहे, ओढे आहेत, बेडकांची तर रेलचेल आहे. मग सॅलमँडर का नाही? हा प्रश्न मला फार आवडतो, कारण उत्तरासाठी थेट खंडांच्या प्रवासापर्यंत मागे जावं लागतं.

सॅलमँडर हा उत्तरेकडच्या भूभागांचा प्राणी. त्याचे सर्वांत जुने जीवाश्म ट्रायसिक आणि ज्युरासिक काळातले आहेत आणि ते मध्य आशिया आणि चीनसारख्या उत्तरेकडच्या प्रदेशांत सापडतात. आजही त्याच्या बहुतेक जाती उत्तर अमेरिका, युरोप आणि आशियाच्या समशीतोष्ण भागात आहेत. भारत त्या काळी दक्षिणेत, आफ्रिका, मादागास्कर आणि अंटार्क्टिकाला चिकटलेला होता. मादागास्करपासून तो सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी सुटला आणि एकटाच उत्तरेकडे सरकत राहिला. त्या सफरीत त्याच्यावर बेडूक होते, देवगांडुळं होती. सॅलमँडर नव्हते.

याचे पुरावे आजही जिवंत आहेत. केरळच्या घाटातून २००३ मध्ये जाहीर झालेला जांभळा बेडूक घ्या. त्याचे जवळचे नातेवाईक शेजारच्या आशियाई देशांत नाहीत, ते आहेत हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर. देवगांडुळांचंही तसंच. खंडाळ्याहून १९६० मध्ये एक जात जगासमोर आली, कोयनेच्या खोऱ्यातल्या हुंबरळी गावातून २००४ मध्ये आणखी एक, तिचं नावच महाराष्ट्रावरून ठेवलेलं आहे. आंबोलीतूनही नोंदी आहेत. जमिनीखाली राहणारे हे प्राणी दक्षिणेच्या त्या जुन्या महाखंडाचा वारसा आहेत.

सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारत आशियाला धडकला आणि हिमालय उभा राहू लागला. त्यानंतर चीन आणि म्यानमारच्या डोंगरांतून सॅलमँडरांना पश्चिमेकडे यायला वाट मिळाली. ते डोंगराच्या रांगेरांगेने आले आणि ओल जिथे संपते तिथे थांबले. हिमालयात पूर्वेकडून पश्चिमेकडे जावं तसा पावसाळा आखूड आणि हवा कोरडी होत जाते. त्यामुळे नेपाळच्या पलीकडे हे प्राणी पोचलेच नाहीत, आणि हिमालयीन सॅलमँडर हा त्याच्या प्रजातीतला, म्हणजे जवळच्या नात्यातल्या जातींच्या गटातला, सर्वांत पश्चिमेचा सदस्य ठरला. दक्षिणेकडे यायचं तर मध्ये गंगेचं तापतं मैदान, मग दख्खनचं पठार. ओल्या कातडीच्या, सावकाश चालणाऱ्या प्राण्याला ही वाट बंदच होती. सह्याद्रीत त्याची अनुपस्थिती ही जागेची उणीव नाही, तो तिथे कधी येऊच शकला नाही.

एक वर्ष, दोन घरं

आता मुख्य मुद्द्याकडे. हिमालयीन सॅलमँडरचं वर्ष दोन भागांत विभागलेलं असतं, आणि दोन्ही भाग वेगवेगळ्या ठिकाणी घालवले जातात.

नोव्हेंबरच्या सुमारास थंडी वाढली की तो दिसेनासा होतो. तळ्यापासून दूर, जंगलात किंवा मळ्याच्या कडेला, कुजक्या ओंडक्याखाली, दगडांच्या फटीत, मुळांच्या पोकळीत, पालापाचोळ्याच्या जाड थराखाली तो निपचित पडून राहतो. शरीराचे व्यवहार मंदावतात, खाणं थांबतं. मार्च-एप्रिलमध्ये वळवाच्या सरी येतात, माती भिजते आणि मग तो बाहेर पडून पाण्याची वाट धरतो. हा प्रवास बहुधा रात्री, पावसात होतो, कारण तेव्हाच कातडी सुकण्याची भीती नसते.

तळ्यात पोचल्यावर विणीचा काळ सुरू होतो आणि पावसाळाभर कमी-अधिक चालतो. बेडकांचं मीलन आपण ऐकतो तरी. सॅलमँडरला आवाजच नाही, सगळं निःशब्द चालतं. नर मादीच्या भोवती फिरतो, तिच्या अंगाला तोंड लावतो, शेपटीने पाणी हलवून आपला गंध तिच्याकडे ढकलतो. मग तो तळाशी एक छोटासा चिकट गोळा ठेवतो. गोळ्याचा खालचा भाग जेलीसारखा, वर शुक्राणूंची टोपी. मादी त्याच्यावरून पुढे सरकते आणि ती टोपी आपल्या शरीरात ओढून घेते. म्हणजे प्रत्यक्ष समागम होत नाही, तरी फलन मादीच्या शरीरातच होतं. बहुतेक बेडकांत ते बाहेर, पाण्यात होतं. नर-मादीचा तो संथ फेर उथळ पाण्यात तळाचा चिखल फारसा न ढवळता चालू असतो, आणि काठावरून चालणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

मादी अंडी पाण्यातल्या गवताच्या पात्यांना, बुडालेल्या पानांना चिकटवते, एकेक किंवा छोट्या पुंजक्यांत. बेडकांसारखा मोठा फेसाळ गोळा नसतो. प्रत्येक अंड्याभोवती पारदर्शक जेली असते आणि आतला गर्भ आकार घेताना नुसत्या डोळ्यांनी दिसतो. पाणी किती गार आहे त्यावर अवलंबून दोन-तीन आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात. डोक्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन पिसांसारखे कल्ले, पाठीवर शेपटीपर्यंत गेलेला पातळ पडदा. बेडकाच्या पिल्लाला आधी मागचे पाय फुटतात, सॅलमँडरच्या पिल्लाला आधी पुढचे. बेडकाची बहुतेक पिल्लं शेवाळ खरवडून खातात, ही मात्र पहिल्यापासून मांसाहारी. पाण्यातले सूक्ष्म जीव, किड्यांच्या आणि डासांच्या अळ्या हा त्यांचा आहार. भक्ष्य जवळ आलं की तोंड झटक्यात उघडायचं, पाण्याबरोबर ते आपोआप आत ओढलं जातं.

दोनेक महिन्यांत, कधी त्याहून जास्त काळात, कल्ले आटतात, फुप्फुसं कामाला लागतात, कातडी जाड होते आणि पिल्लू पाण्याबाहेर चढतं. यानंतरचा टप्पा फार महत्त्वाचा आहे आणि त्याचीच सगळ्यात कमी चर्चा होते. बाहेर पडलेलं पिल्लू पुढची काही वर्षं, वयात येईपर्यंत, जमिनीवरच राहतं. प्रौढही विणीचा काळ सोडला तर जमिनीवरच असतात. पालापाचोळ्यातली गांडुळं, किडे, गोगलगायी खातात आणि थंडी आली की तिथेच लपतात. आयुष्याचा हिशेब मांडला तर या प्राण्याचा जास्त काळ रानात जातो. तळं ही त्याची जन्माची आणि विणीची जागा, घर मात्र तळ्याभोवतीची जमीन.

किती जमीन लागते?

दार्जिलिंग जिल्ह्यात सुखियापोखरीजवळ जोरपोखरी अभयारण्य आहे. उंची सुमारे २,२०० मीटर. १९८५ मध्ये ते खास सॅलमँडरसाठी राखून ठेवलं गेलं, आणि एका उभयचर प्राण्यासाठी अभयारण्य करणं ही त्या काळात फार पुढची गोष्ट होती. त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण क्षेत्रफळ बघा: ०.०४ चौरस किलोमीटर. म्हणजे चार हेक्टर, दहा एकरांच्या आत.

अमेरिकेतले रेमंड सेमलिच आणि रसेल बोडी यांनी २००३ मध्ये उभयचर आणि सरपटणाऱ्या प्राण्यांवरच्या अनेक अभ्यासांचा आढावा घेतला. पाणथळ जागेच्या काठापासून हे प्राणी किती दूरपर्यंतची जमीन प्रत्यक्ष वापरतात, हा त्यांचा प्रश्न होता. उभयचरांसाठी उत्तर आलं १५९ ते २९० मीटर. हा पट्टा त्यांच्या जगण्याचा गाभा आहे, त्याभोवती आणखी मोकळीक हवी ती वेगळी. यातल्या जाती अमेरिकी आहेत, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे हिमालयाला लावता येणार नाहीत. पण अंदाज घ्यायला हरकत नाही. चार हेक्टरांचं एक नेमकं वर्तुळ काढलं तर त्याची त्रिज्या येते सुमारे ११३ मीटर. मधलं तळं बिंदूएवढं मानलं तरी त्या आढाव्यातल्या किमान अंतराएवढी जमीनसुद्धा त्यात बसत नाही. तळ्यालाच काही जागा लागते हे धरलं, तर उरतं ते आणखी कमी.

म्हणून जोरपोखरीसारख्या जागेचं भवितव्य तिच्या कुंपणाबाहेर ठरतं. बाहेरच्या उतारावर जुनी झाडं, ओंडके, पाचोळा राहिला तर सॅलमँडर राहील. तिथे घरं, हॉटेलं, रस्ते आले तर आतलं तळं कितीही जपलं तरी तिथून चढून गेलेल्या पिल्लाला राहायला जागाच नसते. त्यातही हे लगेच कळत नाही. या गटातले प्राणी बरीच वर्षं जगतात. प्रौढ दर पावसाळ्यात तळ्यावर येत राहतात, पाहणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. नवी पिढी येत नाही हे लक्षात येईपर्यंत जुनी संपत आलेली असते.

चहामळ्यांची गोष्ट मात्र मला सरसकट वाईट वाटत नाही. या डोंगरांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चहा लागला आणि त्यासाठी मोठं जंगल गेलं, हे खरं. पण आज सॅलमँडरची कितीतरी तळी मळ्यांच्या हद्दीतच आहेत. सावलीची झाडं, झुडपांखालची ओल, मळ्याच्या कडेने राखलेल्या जंगलाच्या पट्ट्या, हे सगळं त्याला चालतं. गुंतागुंत होते ती फवारणीची. उतारावरचं पाणी शेवटी खोलगट जागी, म्हणजे तळ्यातच उतरतं. तळ्याच्या वरच्या उतारावर फवारणी टाळणारा मळा एखाद्या छोट्या अभयारण्याइतकं काम करू शकतो.

कोरडं पडणारं तळं वाईट नसतं

इथे एक गोष्ट सवयीच्या विचाराला उलटी वाटेल. आपल्याला तळं बारमाही भरलेलं असावं असं वाटतं. उन्हाळ्याच्या आधी आटलं की आपण त्याला मेलेलं समजतो आणि खोदून, गाळ काढून, काठ बांधून काढायला निघतो.

सॅलमँडरच्या दृष्टीने वर्षातून काही काळ आटणारं तळं उत्तम असतं. कारण साधं आहे: जे तळं आटतं त्यात मासे टिकत नाहीत. मासे अंडी खातात, कल्लेवाली पिल्लं खातात. सॅलमँडरच्या पिल्लांना माशांपासून वाचण्याचा काही उपाय नसतो, कारण हा प्राणी घडला तोच मुख्यतः बिनमाशांच्या पाण्यात. कर्सियांग भागात नामथिंग पोखरी नावाचं तळं सॅलमँडरसाठी प्रसिद्ध आहे आणि ते हिवाळ्यात आटतं. तेव्हा प्राणी रानात निजलेले असतात, त्यांना पाण्याची गरज नसते. पावसात तळं पुन्हा भरतं आणि तेही परततात. अर्थात याचीही सीमा आहे. पाऊस उशिरा आला किंवा वरचे झरे वळवल्यामुळे तळं लवकर आटलं, तर पिल्लांचे कल्ले अजून गेलेले नसतात आणि ती चिखलातच मरतात. आटणं हवं, पण ठरल्या वेळी.

मग तळ्याचं सुशोभीकरण होतं तेव्हा काय घडतं ते बघा. खोली वाढवली की पाणी वर्षभर राहतं. लोकांना बघायला म्हणून रंगीत मासे, बदकं सोडली जातात. डास मारायला गंबुसिया मासा सोडतात, जो १९२८ मध्ये भारतात आणला गेला आणि डासांच्या अळ्यांबरोबर उभयचरांची अंडी आणि पिल्लंही फस्त करतो. गवत काढलं की अंडी चिकटवायला काही उरत नाही. सिमेंटचा उभा काठ बांधला की नुकतेच कल्ले गेलेलं, जेमतेम बोटाएवढं पिल्लू बाहेर चढू शकत नाही, आणि पाण्याकडे निघालेला प्रौढ त्याच भिंतीवर अडतो. एकेक काम वेगळं पाहिलं तर निरुपद्रवी, सगळं मिळून तळं सॅलमँडरसाठी संपलेलं. त्यात डासांच्या अळ्या खाणारा प्राणी घालवून डासांसाठीच मासा आणणं, हे तर फार वाईट वाटतं.

एका नावाखाली किती प्राणी?

या सॅलमँडरला शास्त्रीय नाव मिळालं १८७१ मध्ये. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे पहिले प्रमुख जॉन अँडरसन चीनमधल्या युनान प्रांताच्या मोहिमेवर गेले होते. तिथून आणलेल्या नमुन्यांवरून त्यांनी टायलोटोट्रायटन व्हेरुकोसस हे नाव दिलं. पुढे शतकभराहून अधिक काळ चीन, म्यानमार, थायलंडपासून नेपाळपर्यंत जिथे कुठे असा गाठाळ पाठीचा सॅलमँडर दिसला, तिथे हेच नाव लागलं.

नंतर बारकाईने मापं घेणं आणि डीएनए तुलना सुरू झाली आणि एकेक जात वेगळी होऊ लागली. १९९५ मध्ये चीनमधली केशरी गाठींची जात वेगळी झाली, २०१३ मध्ये थायलंडमधली, २०१४ मध्ये म्यानमारच्या शान प्रदेशातली. २०१५ मध्ये जनक राज खतिवडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्व नेपाळमधल्या इलामच्या नमुन्यांवरून दाखवून दिलं की नेपाळ-दार्जिलिंगचा प्राणी युनानच्या प्राण्याहून वेगळा आहे. त्याचं नाव झालं टायलोटोट्रायटन हिमालयानस. २०२३ मध्ये मणिपूरमधून आणखी एक जात जाहीर झाली, तिला तिथल्याच झाइमेंग तळ्याचं नाव मिळालं. आज या प्रजातीत तीसहून अधिक जाती धरल्या जातात.

याने संरक्षणाच्या बाबतीत मोठा फरक पडतो. चीनपासून नेपाळपर्यंत पसरलेली एकच जात असेल तर दार्जिलिंगची चार तळी बुजली तरी जातीला धोका नाही असं कागदावर म्हणता येतं. ती जात मुळात पूर्व हिमालयाच्या एका अरुंद पट्ट्यापुरतीच असेल, तर त्याच चार तळ्यांचं वजन कितीतरी पटींनी वाढतं. भारताच्या १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने या प्राण्याला संरक्षण दिलेलं आहे, पण यादीत तो बराच काळ व्हेरुकोसस या जुन्या नावानेच होता. त्याला पकडणं, बाळगणं, विकणं गुन्हा आहे. २०१९ मध्ये जिनिव्हात झालेल्या बैठकीत ही संपूर्ण प्रजाती साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घातली गेली. म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्याशिवाय होऊ शकत नाही.

व्यापारावर बंधन येण्यामागे केवळ संख्येची काळजी नव्हती. २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या फायर सॅलमँडरांना मारून टाकणारी एक कातडीची बुरशी ओळखली गेली. त्वचा हेच श्वासाचं साधन असलेल्या प्राण्याची त्वचा ही बुरशी अक्षरशः पोखरते. अभ्यासाअंती तिचं मूळ आशियात असल्याचं दिसून आलं. आशियातल्या काही जाती तिच्यासोबत लाखो वर्षं जगत आल्या आहेत आणि पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून ती युरोपात पोचली असावी. बुरशीचे बीजाणू ओल्या चिखलातून, जाळ्यांतून, बुटांच्या तळव्यांतूनही जाऊ शकतात. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात उतरण्याआधी बूट धुऊन पूर्ण वाळवावेत, असं अभ्यासकांना सांगितलं जातं ते यासाठी. हौशी निसर्गप्रेमींनीही ते पाळावं.

दार्जिलिंगच्या पद्मजा नायडू हिमालयीन प्राणिसंग्रहालयात रेड पांडा आणि हिमबिबट्याबरोबर या सॅलमँडरच्याही प्रजननाचं काम चालतं. सीमेपलीकडे इलाममधलं माई पोखरी हे तळं २००८ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे आणि तिथेही हा प्राणी नांदतो. दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत. पण बंदिस्त जागेत वाढवलेली पिल्लं शेवटी सोडायची कुठे, हा प्रश्न पुन्हा तळ्याभोवतीच्या रानापाशीच येऊन थांबतो.

या भागात कुणाच्या हद्दीत असं तळं असेल तर करायच्या गोष्टी खर्चाच्या नाहीत. मासे सोडू नयेत. काठ उतरता आणि मातीचा ठेवावा, निदान एका बाजूने तरी. पाण्यातलं सगळं गवत एकदम काढू नये. पडलेले ओंडके आणि पाचोळा सरपणासाठी उचलताना तळ्याच्या दोन-तीनशे मीटरच्या परिसरातला शक्य तितका राहू द्यावा. गाळ काढायचाच असेल तर तळं आटलेलं असताना, हिवाळ्यात काढावा आणि काढलेला गाळ लगतच्या रानात प्राणी निजलेल्या जागांवर टाकू नये. तळं आणि जंगल यांच्यामधून रस्ता जात असेल तर एप्रिल ते जून या काळात पावसाळी रात्री गाडी सावकाश चालवावी. डांबरावर ओल्या प्रकाशात हा प्राणी पानाच्या तुकड्यासारखा दिसतो, आणि गाडी आली म्हणून तो पळत नाही.